काठी डोक्यावर, बंदूक खांद्यावर

(व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)

जून-जुलैमध्ये नी-ओलेसुंडच्या रस्त्यावर एखादा शास्त्रज्ञ डोक्यावर काठी उभी धरून चालताना दिसला, तर त्याला वेड लागले असे समजू नये. त्या दिवसांत आर्क्टिक सुरय पक्ष्यांची घरटी रस्त्याच्या कडेला, उघड्या खडीवर असतात. जवळून जाणाऱ्याच्या डोक्यावर हा पक्षी वरून सूर मारतो आणि रक्त येईपर्यंत टोचतो. मात्र तो सर्वांत उंच टोकावर हल्ला करतो, म्हणून काठी वर धरली की टाळू वाचते. या हल्लेखोराचे वजन जेमतेम 100 ग्रॅम. ग्रीनलंडमधल्या सुरयांच्या पायांना दीड ग्रॅमहून हलकी यंत्रे बांधून पाहिले, तेव्हा ते वर्षभरात सरासरी 70,000 किलोमीटर उडतात असे आढळले. उन्हाळा आर्क्टिकमध्ये, दुसरा उन्हाळा अंटार्क्टिकाजवळ. पायी चार किलोमीटर आलेल्या माणसाला त्याने दबकावे, यात नवल नाही.

नी-ओलेसुंड हे नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहातले गाव, अक्षांश जवळपास 79 उत्तर. उत्तर ध्रुव इथून सुमारे 1,200 किलोमीटर. पूर्वी ही कोळशाची खाण होती. नोव्हेंबर 1962 मध्ये खाणीत स्फोट होऊन 21 कामगार गेले. पुढच्याच वर्षी खाण बंद झाली आणि त्या प्रकरणात नॉर्वेचे सरकारही पडले. खाणकामगारांच्या घरांत मग संशोधक आले. कोळशाची धूळ आत येऊ नये म्हणून दारात बूट काढायची तेव्हाची पद्धत मात्र टिकली. आपल्याकडच्या पाहुण्याला युरोपात क्वचितच इतके घरच्यासारखे वाटत असेल!

दारांना कुलपे नसतात. याचे कारण ध्रुवीय अस्वल. ते समोर आले तर माणसाला मिळेल त्या घरात शिरता आले पाहिजे. वस्तीची हद्द ओलांडताना बंदूक आणि अस्वलाला पिटाळण्यासाठी प्रकाशगोळ्यांचे पिस्तूल बरोबर असावे लागते. म्हणून इथे शेवाळाच्या अभ्यासकालाही आधी नेमबाजी शिकावी लागते. अस्वलाला 1973 पासून संरक्षण आहे. ते मारले गेले तर चौकशी होते, त्यामुळे बंदूक असते ती न वापरण्यासाठीच. वर्तमानपत्रांना या अस्वलाचे मोठे प्रेम. पण इथले खरे ज्ञान ज्यातून आले, ते काम फार कमी छायाचित्रणीय आहे: मोजणे, आणि तेच पुन्हा पुढच्या वर्षी मोजणे.

हंसांचेच पाहा. बार्नॅकल गूज हा काळ्या मानेचा हंस हिवाळा ब्रिटनमध्ये सॉल्वे खाडीकाठी काढतो आणि उन्हाळ्यात स्वालबार्डला येतो. 1940 च्या दशकात हे पक्षी शेकड्यांत मोजण्याइतकेच उरले होते. शिकार थांबली आणि आता ते हजारोंच्या संख्येत आहेत. नेदरलँड्सचे मार्टेन लोनेन 1990 च्या दशकापासून नी-ओलेसुंडमध्ये त्यांच्या मागे आहेत. कोल्हा पोहोचू नये म्हणून हंस समोरच्या खाडीतल्या, म्हणजे काँग्सफियोर्डमधल्या, बेटांवर अंडी घालतात. पिल्ले निघाली की सारी कुटुंबे पोहत गावात येतात, कारण चांगले गवत इथे आहे. नेमकी त्याच सुमारास मोठ्यांची पिसे झडतात आणि काही आठवडे त्यांना उडता येत नाही. कोल्हा याचीच वाट पाहत असतो. संशोधकही. पळणाऱ्या हंसांना हाकत जाळीत आणायचे, पायातल्या कड्यांवरचे आकडे वाचायचे, वजन घ्यायचे, सोडून द्यायचे. कोण कोणाचा जोडीदार, कोणाची किती पिल्ले जगली, याची वंशावळ अशी कड्याकड्याने तयार होते. अलीकडे समुद्राचे बर्फ लवकर विरते. सील पकडायला बर्फ नसलेले अस्वल किनाऱ्याने हिंडते, बेटांवर चढते आणि घरट्यांमागून घरटी रिकामी करते. म्हणजे अस्वल हंसांच्या नोंदवहीत शिरलेच!

रेनडिअरची वही याहून कठोर आहे. शिकारीने इथून नाहीसे झालेले हे प्राणी 1978 मध्ये ब्रॉगर द्वीपकल्पावर पुन्हा आणून सोडले. जेमतेम पंधरा जनावरे, पण 1993 पर्यंत ती साडेतीनशेवर गेली. मग ऐन हिवाळ्यात पाऊस पडला. पाणी बर्फावर गोठले आणि खालचे खुरटे गवत काचेखाली ठेवल्यासारखे आवाक्याबाहेर गेले. खूर आपटून हिम उकरता येते, काच फोडता येत नाही. वसंतात शंभराच्या आत उरले. थंडीने न मेलेला कळप उबेने मेला, हे मोजणी चालू होती म्हणून समजले.

बाकीचा दिवस यंत्रांचा. जर्मन-फ्रेंच केंद्रातून रोज एक हवामानाचा फुगा सोडतात. तो सुमारे तीस किलोमीटर चढून फुटेपर्यंत तापमान, आर्द्रता, वारा कळवत राहतो. झेपेलिन डोंगरावर 474 मीटर उंचीवरच्या वेधशाळेत कार्बन डायऑक्साइडपासून काजळीपर्यंत हवेतला एकेक घटक मोजतात. तिथे रज्जुमार्गाच्या पाळण्यात बसून जावे लागते. गावात वायफाय आणि ब्लूटूथला बरीच वर्षे बंदी होती, कारण रेडिओ दुर्बिणी दूरच्या क्वेसारांचे क्षीण संकेत टिपतात. इतकी शांतता मौनव्रताच्या शिबिरातही मिळत नसे.

याच गावात 1 जुलै 2008 पासून भारताचे ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्र आहे. त्याचा कारभार गोव्यातून, वास्कोच्या ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून चालतो. बर्फात खुंट्या रोवून आपले संशोधक वेस्ट्रे ब्रॉगरब्रेन हिमनदी मोजतात. खुंटी किती उघडी पडली, यावरून किती बर्फ गेले ते कळते. 2014 मध्ये काँग्सफियोर्डच्या पाण्यात सुमारे 192 मीटर खोलवर ‘इंडआर्क’ नावाची वेधशाळा नांगरली. अटलांटिकचे कोमट पाणी खाडीत किती शिरते, ते ती बारा महिने नोंदवते. डिसेंबर 2023 पासून भारतीय संशोधक ध्रुवीय रात्रीतही ‘हिमाद्री’त राहू लागले. सप्टेंबरमधली मध्य भारतातली अतिवृष्टी आणि आर्क्टिकमधल्या कारा समुद्रातले घटलेले बर्फ यांचा संबंध वास्कोच्याच संशोधकांनी मांडला आहे. तो पक्का ठरायला अजून कित्येक वर्षांच्या नोंदी लागतील.

गावासमोर खाडीपलीकडे एक डोंगर दिसतो. जुन्या नकाशाकारांनी त्याला ब्लोमस्ट्रांडहाल्वोया म्हटले. ‘हाल्वोया’ म्हणजे द्वीपकल्प, कारण मागच्या बाजूने हिमनदीने तो जमिनीला जोडलेला होता. 1990 च्या दशकात हिमनदी मागे हटली आणि मध्ये पाणी निघाले. आता त्याच्या मागून बोट जाते. नकाशावर नाव अजून द्वीपकल्पाचेच आहे.