कंपनी येण्याआधी सातबारा बघा



आपल्या खंडाळा तालुक्यातली कितीतरी पोरं-पोरी पुण्याला कामाला आहेत. कुणी हिंजवडीला संगणकावर, कुणी तिथंच कॅन्टीनला, कुणी गाडीवर. सणाला आली की सांगतात, खोलीचं भाडं झेपत नाही, पाणी टँकरचं, कामावर जाण्यात निम्मा जीव जातो. आज या हिंजवडीबद्दलच बोलू या.

हिंजवडी, माण, मारुंजी ही आपल्यासारखीच शेतीची गावं. १९९० नंतरच्या दशकात एमआयडीसीनं तिथं जमीन घेऊन आयटी पार्क वसवायला सुरुवात केली. इन्फोसिस, विप्रो, टीसीएस अशा मोठ्या कंपन्या आल्या. हजारो माणसं कामाला आली, आणि माणूस आला की त्याला खोली लागते, डबा लागतो, पाणी, रस्ता, दवाखाना, शाळा लागते. म्हणून शेजारच्या वाकड-बाणेरच्या शेतांतही इमारती उभ्या राहिल्या. गुंठ्याचे भाव चढले. कुणी खोल्या बांधून भाड्यानं दिल्या, कुणी खानावळ काढली, बायांना स्वयंपाकाची, धुण्याभांड्याची कामं मिळाली. पण कंपनीच्या कुंपणाआत हिरवळ, आणि बाहेर टँकरच्या रांगा, कचरा अन् गाड्यांची कोंडी. शहराएवढी वस्ती वाढली, तरी गावाचा कारभार कितीतरी वर्षं ग्रामपंचायतीवरच राहिला.

हडपसरजवळ मगरपट्ट्यात वेगळी वाट निघाली. सतीश मगर यांच्या पुढाकारानं सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी ४०० एकरांच्या आसपास जमीन एकत्र केली आणि स्वतःची कंपनी काढली. ज्याची जेवढी जमीन, तेवढा त्याचा हिस्सा. तिथं घरं बांधली, आयटी कंपन्यांना जागा भाड्यानं दिल्या. जमीन एकदा विकून पैसा संपला, असं झालं नाही. उत्पन्न चालू राहिलं.

पण मैत्रिणींनो, जमीन एमआयडीसीनं घेतली काय किंवा आपण हिश्शात घातली काय, पैसा जातो तो कागदावर नाव असलेल्याकडं. खुरपणीला वाकणाऱ्या बाईचं नाव त्या कागदावर किती वेळा असतं?

आता आपल्याकडं बघा. शिरवळला कारखाने आले, केसुर्डीला औद्योगिक क्षेत्र झालं. हायवेलगतच्या जमिनीला गिऱ्हाईक फिरू लागलं. भाव चढला, की इतकी वर्षं न आठवलेली बहीण आठवते. हक्कसोड पत्रावर सही पाहिजे असते! सही करायची की नाही, हे जिचं तिनं ठरवावं. पण आधी कागद वाचावा, जमिनीचा भाव विचारावा. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली, आणि वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच जन्मापासून हक्क मिळाला. २००५ मध्ये वडील हयात नसले, तरी हा हक्क जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली सांगितलं. माहेर तुटेल या भीतीनं गप्प बसणाऱ्या बाईला एवढं तरी ठाऊक असावं.

सासरच्या जमिनीसाठी लक्ष्मी मुक्ती योजना आहे. नवऱ्यानं स्वतः अर्ज दिला, तर त्याच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. तलाठ्याकडं चौकशी करा.

दुसरी गोष्ट ग्रामसभेची. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी, असा नियम आहे. ती नुसती सह्यांपुरती होऊ देऊ नका. नवा प्रकल्प येणार असं कानावर आलं, तर तिथंच विचारा: पाणी कुठून घेणार? सांडपाणी कुठं सोडणार? आमच्या पोरींना कुठलं काम देणार, ऑफिसातलं की झाडलोटीचं?

कंपनीला नुसतं नको म्हणून भागत नाही, पोरांना काम पाहिजेच. पण भाव ठरायच्या आधी आपलं नाव लागलं पाहिजे, मागून ते अवघड होतं. तेव्हा बचत गटाच्या पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं घरच्या सातबाऱ्याचा उतारा आणा. शिकलेल्या पोरीला मधे बसवा आणि एकेक मोठ्यानं वाचून घ्या.