आवाजाची ओळख आणि ओळखीचा पुरावा



दूरध्वनीवर बोलणाऱ्याचा चेहरा दिसत नाही. ऐकू येतो तो केवळ आवाज. परिचिताचा आवाज माणूस एका शब्दावरून ओळखतो. परंतु लाखो खातेदार असलेल्या बँकेने तो कसा ओळखावा?

1962 मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या लॉरेन्स कर्स्टा यांनी ‘ध्वनिठशा’ची कल्पना मांडली. बोटांच्या ठशाप्रमाणे आवाजाच्या आलेखावरूनही व्यक्ती ओळखता येते, असा त्यांचा दावा होता. 1979 मध्ये तेथील राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने मात्र याबाबत सावधगिरीचा इशारा दिला. बोटाचा ठसा कायम राहतो. आवाज सर्दीने बसतो, वयाने बदलतो, भीतीने कापतो.

म्हणूनच संगणक ‘हाच तो’ असे सांगत नाही. पूर्वी नोंदविलेल्या नमुन्याशी साम्य किती, एवढेच तो मोजतो. किती साम्य पुरेसे, हे माणसाने ठरवायचे. ही मर्यादा उंच ठेवली तर घसा बसलेला खरा खातेदार दाराबाहेर राहतो. खाली आणली तर तोतया आत शिरतो. 2017 मध्ये ब्रिटनमध्ये बीबीसीच्या एका वार्ताहराच्या जुळ्या भावाने नक्कल करून एका बँकेची अशी परीक्षा पार केली. हे दोघे हुबेहूब सारखे जुळेही नव्हते. आज तर थोड्याशा ध्वनिमुद्रणावरून यंत्र कृत्रिम आवाज घडवू शकते.

आवाज हे गुपित नव्हे. तो रोज चारचौघांच्या कानी पडतो, आणि चोरीला गेला तर परवलीच्या शब्दासारखा बदलता येत नाही.

यासाठी पुरावे निरनिराळ्या जातींचे हवेत: माणसाला ठाऊक असलेले, त्याच्याजवळ असलेले आणि त्याच्या देहाचे. दोन परवलीचे शब्द म्हणजे एकाच जुडग्यातील दोन किल्ल्या. रिझर्व्ह बँकेने कार्डावर न दिसणाऱ्या माहितीची जादा पडताळणी 2009 पासून ऑनलाइन आणि 2011 पासून दूरध्वनीवरील स्वयंचलित व्यवहारांना आवश्यक केली, ती याच विचाराने.

तरीही खातेदाराने आपणहून सांकेतिक अंक भामट्याला वाचून दाखविले, तर सारी तटबंदी ढासळते. बँकेतून बोलत असल्याचे सांगणाऱ्याचीही ओळख पटलीच पाहिजे. त्याचा दूरध्वनी बंद करून, कार्डामागे छापलेल्या क्रमांकावर स्वतः विचारणा करावी. ओळख मागण्याचा अधिकार एकट्या बँकेचा नाही. तो खातेदाराचाही आहे.