अहिंसा आणि संशयाचा शिक्का
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



२०१४ साली केंद्र शासनाने जैन समाजास राष्ट्रीय स्तरावर अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली. आपली भाषा, लिपी व संस्कृती जतन करण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद २९ ने नागरिकांच्या प्रत्येक समूहास दिलेला आहे. संख्येने लहान असणे म्हणजे काय, हे आपण जाणतो. म्हणूनच आज पारधी समाजाविषयी चार शब्द बोलण्याची अनुज्ञा घेतो.

१८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. त्यान्वये अनेक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरल्या. सोलापुरात अशा कुटुंबांना तारेच्या कुंपणाआड ठेवून त्यांच्याकरवी कापडगिरण्यांत काम करून घेतले गेले. आपल्या व्यवसायाच्या इतिहासातील हे पान आम्हा कापड व्यापाऱ्यांना ठाऊक असले पाहिजे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला. कुंपण गेले, परंतु संशय राहिला. चोरी कुठेही होवो, पोलीस प्रथम पारध्यांच्या पालावर जातात.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर कठोर निर्बंध आले. मुक्या जीवांना अभय मिळाले, याचा आपणांस आनंदच आहे. परंतु ज्याने हातातील फास खाली ठेवला, त्याच्या हाती दुसरे साधन कोणी दिले? अहिंसेचा हिशेब या प्रश्नाच्या उत्तरावाचून पुरा होत नाही.

पारधी बोलीचे गुजराती भाषेशी जवळचे नाते आहे. आपल्यापैकी ज्यांच्या घरी गुजराती बोलली जाते, त्यांना त्या बोलीतील कित्येक शब्द ओळखीचे वाटतील. ही बोली बोलणारे मूल शाळेत गप्प बसते, ते मंद असते म्हणून नव्हे. शाळेची भाषा त्याला परकी असते.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंग नियमावलींतील जातिभेदाच्या तरतुदी घटनाबाह्य ठरविल्या आणि विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार समजण्यासही नकार दिला. कागदावरील शिक्का न्यायालय पुसू शकते. मनावरचा आपणच पुसावा लागतो.

म्हणून विश्वस्तांना माझी नम्र विनंती आहे. आपल्या शैक्षणिक निधीतून पारधी मुलांना साहाय्य द्यावे. जन्माचा दाखला, रहिवासाचा पुरावा व जातीचे प्रमाणपत्र मिळविण्यासाठी आपल्या तरुणांनी त्यांच्याबरोबर कचेरीत जावे. त्यांच्या काही चालीरीती आपणांस रुचणार नाहीत. त्याविषयी स्नेहाने संवाद करावा. मात्र देवी सोडा, बोली सोडा, अशी अट वही-पुस्तकांना जोडू नये. अटीवर दिलेले दान हा सौदा होतो, आणि सौदा म्हणजे काय हे आम्हा व्यापाऱ्यांना वेगळे सांगावयास नको.

तसेच, पारधी भगिनी दुकानाची पायरी चढली, तर तिला इतर गिऱ्हाइकांप्रमाणेच बसावयास सांगून माल दाखवावा. यास खर्च काहीही नाही.

जय जिनेंद्र!