गुण्या, ओळंबा आणि संगणक



स्मृतिव्याख्यानाच्या व्यासपीठावर साहित्यिक शोभतो, इतिहासकार शोभतो. लाकडाच्या भुशात उभा जन्म गेलेला मनुष्य कितपत शोभेल, याची मला शंका होती. परंतु ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजिले जाते ते गुरुजी आम्हांला हस्तव्यवसाय शिकवीत असत, हे ध्यानी घेऊन मी होकार दिला. उचगावातील माझ्या लहानशा कारखान्यात आम्ही संगणकाच्या आज्ञेने चालणारे राउटरचे एक टेबल स्वतः बांधले. त्याची हकीकत, आणि ते चालू झाल्यावर आमच्यापुढे उभा राहिलेला एक प्रश्न, एवढाच आजचा विषय आहे.

राउटर म्हणजे वेगाने फिरणारे पाते धरणारे हत्यार. सुतार ते दोन्ही हातांनी धरतो आणि फळीवर खाच, कड किंवा नक्षी काढतो. हेच हत्यार एका पुलावर बसवावे. पूल पुढे-मागे सरकावा, हत्यार पुलावर डावी-उजवीकडे आणि वर-खाली सरकावे. आणि या तीन हालचाली तीन मोटरींच्या हाती देऊन मोटरींना संगणकाने आकडे पुरवावेत, की आमचे टेबल झाले. तत्त्व इतके साधे आहे.

या तत्त्वाचा जन्म लाकडासाठी झाला नाही. अमेरिकेतील मिशिगन राज्यात जॉन पार्सन्स नावाचे कारखानदार हेलिकॉप्टरची पाती बनवीत. पात्याचा वक्र अचूक यावा म्हणून त्यांनी वक्रावरील पुष्कळ बिंदूंचे आकडे गणकयंत्रावर काढविले. मग एका माणसाने आकडे मोठ्याने वाचायचे आणि दोघांनी यंत्राची दोन चाके त्या आकड्यांपर्यंत फिरवायची, अशी रीत बसविली. माणसांची जागा मोटरींनी घ्यावी, ही पुढची पायरी. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या प्रयोगशाळेत १९५२ साली छिद्रांच्या कागदी पट्टीवरून आज्ञा घेणारे यंत्र लोकांना दाखविण्यात आले. त्याचा नियंत्रक एवढा अवजड होता की सामान्य कारखानदाराने त्याचे स्वप्नही पाहू नये. पुढे १९९० च्या दशकात अमेरिकन सरकारच्या मानक संस्थेने असा नियंत्रक साध्या संगणकावर चालवून दाखविला आणि तो सर्वांना खुला केला. आज तो लिनक्ससीएनसी या नावाने ओळखला जातो. २००५ साली इटलीत आर्डुइनो हे छोटे फलक निघाले आणि २००९ पासून त्यावर चालणारी जीआरबीएल ही विनामूल्य आज्ञावली उपलब्ध झाली. थोडक्यात, या यंत्राचा मेंदू आता तळहातावर मावतो आणि त्याची किंमत एका बऱ्या रंध्याएवढी असते. उरते ते शरीर. ते विनामूल्य मिळत नाही, आणि माझ्या मते खरी विद्या तेथेच आहे.

तयार यंत्र विकत का घेतले नाही, असे मला पुष्कळांनी विचारले. पैसा हे एक कारण होतेच. दुसरे कारण आपल्या भागाच्या स्वभावात आहे. बेळगावच्या उद्यमबागेत ओतकाम, क्रँकशाफ्ट, हायड्रॉलिक्स यांचे कारखाने आहेत. हत्तरगीला २००९ पासून विमानांचे भाग बनविणारी वसाहत आहे. सीमा ओलांडली की शिनोळीचे कारखाने. एखादा ठोकळा समतल करून हवा असेल किंवा दांड्याला आटे पाडून हवे असतील, तर येथे तासाभराच्या अंतरावर कोणीतरी ते करून देतो.

ही परंपरा जुनी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले आणि मुंबईची शिक्षकी सोडून ते पुढे येथेच स्थिरावले. कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर यांची सुरुवात त्यांनी येथे केली. १९१० साली जागा सोडावी लागल्यावर औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली. मला त्यांच्या चरित्रातील एक तपशील विशेष वाटतो. ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकण्यासाठी गेले होते. रंग नीट ओळखता येत नाहीत असे आढळल्यावर ते यांत्रिक रेखनाकडे वळले आणि तेच रेखन त्यांनी व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत शिकविले. ज्याला रंगाने दगा दिला त्याला रेषेने तारले. आमचे टेबलही रेषेपासूनच सुरू झाले. दोन महिने आम्ही लोखंडाला हात लावला नाही. कागदावर रेघा ओढल्या.

रेखाटनात कामाचे क्षेत्र १२०० मिलिमीटर लांब आणि ९०० मिलिमीटर रुंद ठरले. हे आकडे हेतुपूर्वक निवडले होते. गवंडी पाया आखताना तीन, चार आणि पाचाची दोरी लावतो, त्यातलेच हे तीन आणि चार. म्हणजे कर्ण बरोबर १५०० मिलिमीटर भरला पाहिजे. यंत्र काटकोनात आहे की नाही, हे कोणत्याही महागड्या उपकरणावाचून एका पोलादी फुटपट्टीने कळावे, ही त्यामागची योजना. पूल एका मिलिमीटरने तिरपा असेल तर दोन कर्णांत सुमारे १.६ मिलिमीटर फरक पडतो. चूक मोठी होऊन समोर येते. मोजमापाची सगळी कला हीच, की चूक दडून न राहता फुगून दिसावी.

हे आम्हांला गुरुजींनी शिकविले होते. नवा गुण्या वर्गात आला की ते त्यावर विश्वास ठेवीत नसत. फळीच्या सरळ कडेला गुण्या लावून एक रेघ ओढायची, मग तो उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी रेघ ओढायची. दोन्ही रेघा एकावर एक आल्या तर गुण्या खरा; फाकल्या तर जेवढी फट तिच्या निम्मी चूक. पाणसळीचेही तसेच: फिरवून ठेवा आणि बुडबुडा पाहा. हत्यारानेच हत्यार तपासण्याची ही युक्ती जगातल्या मोठमोठ्या मापनशाळांतही वापरली जाते, हे मला फार उशिरा वाचनात आले.

सांगाडा लोखंडी चौकोनी नळ्यांचा केला आणि जोडला. वितळलेला सांधा थंड होताना आकसतो आणि नळीला आपल्याकडे ओढतो. कितीही शिकंजे लावा, लोखंड थोडे वाकतेच. सांगाडा बाहेर आणून जमिनीवर ठेवला तेव्हा आमच्याकडील ज्येष्ठ सुतारांनी काय केले, ते सांगण्याजोगे आहे. त्यांचे शिक्षण चौथीपर्यंत झाले आहे आणि संगणकाकडे ते आजही पाठ करून बसतात. त्यांनी सागवानाच्या दोन सरळ पट्ट्या घेतल्या, एक सांगाड्याच्या या टोकाला आणि दुसरी त्या टोकाला आडवी ठेवली, आणि गुडघ्यावर बसून एक डोळा मिटून एका पट्टीच्या कडेवरून दुसरीची कड पाहिली. म्हणाले, “लोखंडाला पीळ आहे.” आम्ही डायल लावून मोजले. पीळ होता. दाराची चौकट तपासण्याची ही त्यांच्या आजोबांची रीत. यंत्रशास्त्राच्या पुस्तकात ती वेगळ्या नावाने असते, एवढेच.

आता हा पीळ काढायचा कसा? मोठ्या कारखान्यात असा सांगाडा यंत्रावर चढवून त्याचा माथा तासून घेतात. एवढ्या लांबीच्या कामाचा दर आमच्या आवाक्यापलीकडचा होता. मग आम्ही पाण्याला शरण गेलो, म्हणजे पाण्यासारख्या वाहणाऱ्या इपॉक्सीला. दोन्ही बाजूंच्या नळ्यांच्या माथ्यावर कडेने बांध घातले, दोन्ही पाट मधून एका अरुंद चरीने जोडले आणि मंद गतीने घट्ट होणारे पातळ इपॉक्सी त्यात ओतले. दोन पाट जोडलेले असल्याने द्रव दोन्हीकडे एकाच पातळीत आला. पाटाच्या पाण्यावर रान भिजविणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. बांधालगत द्रव किंचित वर चढतो, म्हणून पाट रुळापेक्षा रुंद ठेवला होता. कडा नंतर खरवडून टाकल्या. खोली बंद करून, वर झाकण घालून, तीन दिवस त्या बाजूला कोणी फिरकायचे नाही असा नियम केला. चौथ्या दिवशी दोन्ही पट्ट्या पुन्हा ठेवल्या. ज्येष्ठ सुतार बराच वेळ डोळा लावून बसले आणि काही न बोलता चहा प्यायला गेले. त्यांच्याकडून यापेक्षा मोठी शाबासकी मिळत नाही.

त्या पातळीवर पोलादी रूळ बसले. सरकविण्यासाठी १६ मिलिमीटर जाडीचे, एका फेऱ्यात ५ मिलिमीटर पुढे नेणारे बॉल स्क्रू घेतले. साध्या आट्यांच्या दांड्यात दिशा बदलताना जी ढील जाणवते ती यात जवळजवळ नसते. स्टेपर मोटर एका फेऱ्याला २०० पावले टाकते. प्रत्येक पावलाचे आठ भाग केले की १६०० होतात. म्हणजे एका मिलिमीटरला ३२० स्पंद. कागदावर हे पाऊल मिलिमीटरच्या तीन सहस्रांशाएवढे येते. कागदावर, असे मुद्दाम म्हणतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात फळी एका रात्रीत याच्या कितीतरी पट फुगते. लाकडाच्या कामात दशांश मिलिमीटर साधला तरी देव पावला. टेबलाचा माथा बळीच्या फळीचा आहे. ती फुगली की तेच यंत्र तिच्यावरून रुंद पाते फिरवून तिला पुन्हा समतल करते. जमीन सारवावी तसा हा नेम दर पावसाळ्यात पाळावा लागतो.

विजेविषयी थोडेच सांगतो. पाते फिरविणारी मोटर तीन फेजची असून एका फेजवरून तिला चालविणारा परिवर्तक मध्ये बसविला आहे. मध्येच वीज गेली तर यंत्र आपण कोठे होतो ते विसरते. म्हणून प्रत्येक कामाआधी ते तीनही टोकांच्या कळांना जाऊन शिवते आणि तेथून मोजू लागते. तातडीने थांबविण्याचे लाल बटण हाताशी हवे. भुसा ओढणारा पंखाही हवा; लाकडाची बारीक धूळ कर्करोगास कारण होते, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली दिला आहे. आमच्या व्यवसायात मात्र नाकाला फडके बांधणे अजून अनेकांना कमीपणाचे वाटते.

वेगाची गोष्ट सुतारांना पटकन समजली. दोन धारांचे पाते मिनिटाला १८,००० फेरे घेत असेल आणि यंत्र मिनिटाला ३६०० मिलिमीटर सरकत असेल, तर प्रत्येक धार दशांश मिलिमीटर लाकूड उचलते. भिऊन यंत्र हळू चालविले तर धार लाकूड कापीत नाही, नुसती घासते. धूर निघतो आणि पाते मरते. “रंधा दबकत मारला तर कसा चालेल?” असे ते म्हणाले. मला आणखी समजवावे लागले नाही.

आता तो प्रश्न.

देव्हाऱ्याची महिरप, दाराच्या पट्टीवरील वेल, ही कामे आमच्याकडे रोजावर होत. जे कोरण्यास चार दिवस लागत, त्यातले बहुतेक लाकूड यंत्र एका दुपारी काढून टाकते. मग तीन दिवसांच्या रोजाचे काय? गिऱ्हाईक दारात उभे राहून यंत्र पाहते आणि विचारते, “सगळे यंत्रच करते, तर मजुरी कसली?” वाचलेला वेळ कोणाच्या पदरात पडावा, गिऱ्हाइकाच्या, माझ्या की कोरणाऱ्याच्या, हे कोणत्याही आज्ञावलीत लिहिलेले नसते.

यंत्र काय करू शकत नाही, ते आधी पाहिले. ६ मिलिमीटरचे पाते आतला कोपरा कापते तेव्हा तेथे ३ मिलिमीटर त्रिज्येची गोलाई राहते. टोकदार कोपरा पटाशीनेच निघतो. फळीतील तंतू कोठे वळले आहेत आणि गाठ कोठे दडली आहे, हे यंत्राला दिसत नाही. फळी कोणत्या अंगाने मांडायची ते कोरणाराच ठरवितो. शिवाय यंत्राची शंभर फुले शंभरही सारखी असतात, आणि डोळा ते लगेच ओळखतो. म्हणून आम्ही रोज बंद करून नगावर दर ठरविला. बिलात यंत्राचे तास आणि हातकाम या दोन नोंदी वेगळ्या लिहितो. हातकामाची रक्कम पूर्णपणे कोरणाऱ्याची असते, गिऱ्हाइकाने घासाघीस केली तर ती यंत्राच्या तासांतून जाते. ज्येष्ठ सुतारांची मिळकत यामुळे घटली नाही. परंतु सर्वांचे असे झाले, असे मी म्हणणार नाही. केवळ जाळ्या कापून पोट भरणारा शेजारच्या गावचा एक कारागीर आता उद्यमबागेत पाळीवर जातो. ते काम आमच्या यंत्रानेच काढून घेतले असे नव्हे, भुशाच्या दाबलेल्या फळीच्या तयार जाळ्या बाजारात आल्याच होत्या. तरी आमच्यासारख्यांनी त्या ओघात भर घातली, हे खरे आहे. त्याला आमच्याकडे या म्हणून सांगितले. तो म्हणाला, महिन्याचा पगार एक तारखेला मिळतो. यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते.

सध्या यंत्राचे रेखाटन ज्येष्ठ सुतारांची नात करते. तिने आजोबांच्या हातच्या एका जुन्या वेलाचा कागदावर ठसा घेतला आणि तो संगणकात उतरविला. पाने मुद्दाम सारखी केली नाहीत. आजोबांची पटाशी जेथे घसरली होती, तेथे रेघही तशीच ठेवली. आजोबांना ते मुळीच पसंत नाही. त्यांचे म्हणणे, घसरलेली पटाशी कोणी जपून ठेवते काय? दोघांचा वाद अजून चालू आहे.

वेळ बरीच झाली. यंत्राचा एक रूळ, स्क्रूचा तुकडा, इपॉक्सीचा नमुना आणि त्या दोन सागवानी पट्ट्या मागच्या बाकावर मांडल्या आहेत. विद्यार्थ्यांनी अवश्य हाताळून पाहाव्यात. पट्ट्यांनी सभागृहातील बाकांचा पीळही तपासता येईल. लाल कापडाखाली पाती आहेत, त्यांना मात्र कोणी हात लावू नये.