घास, बटण आणि तांब्या



स्वमग्न मुलांचे आईवडील आम्हा व्यवसायोपचारतज्ज्ञांकडे, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे, येतात तेव्हा पहिली तक्रार बहुधा बोलण्याची असते. बोलत नाही, नजर देत नाही, एकटाच खेळतो. हातापायांचा विषय निघतो तो उठता उठता. ‘‘नऊ वर्षांचा झाला, पण चड्डी अजून मीच घालते. मोबाइलवर बोटं कशी सरसर चालतात! बटण लाव म्हटलं की हात गळतात. आळशी झालाय नुसता.’’ आज या उठता उठता काढलेल्या तक्रारीबद्दल बोलू. आणि तो आळशी नाही, हे आधीच सांगून ठेवते.

स्वमग्नतेच्या निदानाचे निकष संवादाचे, त्याच त्या वागण्याचे आणि संवेदनांचे आहेत. हालचालींतला अवघडलेपणा त्यांत येत नाही, म्हणून तपासणीत तो अनेकदा निसटतो. व्हिएन्नाचे डॉक्टर हान्स अ‍ॅस्पर्गर यांनी १९४४ साली अशा मुलांचं वर्णन केलं, तेव्हाच त्यांच्या बोजड हालचालींची नोंद घेतली होती. तरी अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत २०१३ पर्यंत नियम असा, की स्वमग्नता असेल तर शारीरिक समन्वयाच्या अडचणीचं वेगळं निदान द्यायचं नाही. आता देता येतं.

मग मोबाइल जमतो आणि बटण का जमत नाही? मोबाइलवर एक बोट पुरतं, हालचाल तीच ती असते आणि नजर बोटावर असते. बटणाला दोन हात लागतात आणि दोघांची कामं वेगळी. एकाने काज धरून स्थिर राहायचं, दुसऱ्याने बटण आडवं करून ढकलायचं. त्यात गळ्याजवळचं बटण दिसतही नाही. कुठल्या क्रमाने काय करायचं, जोर किती लावायचा, बोट आत्ता कुठे आहे, हे स्नायू आणि सांध्यांकडून मेंदूला कळावं लागतं. अनेक स्वमग्न मुलांची अडचण नेमकी इथे असते. अशा वेळी ‘‘नीट कर’’, ‘‘लक्ष दे’’ म्हणून त्याला नवीन काहीच कळत नाही. फक्त आवाज वाढतो आणि त्याचे हात आणखी आखडतात.

आमची एक साधी युक्ती आहे, शेवटची पायरी आधी शिकवायची. चड्डी तुम्हीच कमरेच्या जरा खालपर्यंत चढवा आणि उरलेली वर ओढायचं काम त्याचं. ते सहज जमू लागलं की मांडीपासून, मग गुडघ्यापासून, पाय घालणं सगळ्यात शेवटी. यामुळे प्रत्येक वेळी काम त्याच्या हातून पूर्ण होतं. त्याला बुटक्या स्टुलावर बसवा, पावलं जमिनीला टेकलेली हवीत. एका पायावर उभं राहून तोल सांभाळायची वेगळी परीक्षा नको. तुम्ही समोर नको, मागे बसा, म्हणजे तुमचा आणि त्याचा हात एकाच दिशेने चालेल. कमीत कमी बोला. आणि शाळेची रिक्षा दारात हॉर्न देत असताना हे शिकवायला जाऊ नका, संध्याकाळची वेळ धरा.

आता जेवण. बाहेरच्या पुस्तकांत काटा-चमचा शिकवलेला असतो. आपल्या मुलाला वरणभात कालवायचा आहे, घास करायचा आहे, तो न सांडता तोंडाशी न्यायचा आहे. इथे आधी एक गोष्ट पाहा. घास बोटांतून निसटतो, की बोटांना ओलं लागलं की मूल हात झटकतं? पहिली अडचण हालचालीची, दुसरी स्पर्शाची. स्पर्शाची असेल तर कुरमुरे, शेंगदाणे अशा कोरड्या गोष्टींपासून निघा, मग लाडू, मग घट्ट खिचडी, आणि वरणभात बराच नंतर. बळजबरीने हात वरणात बुडवू नका. हालचालीची असेल तर ताटाऐवजी उभ्या काठाची खोलगट थाळी द्या आणि ती सरकू नये म्हणून खाली ओलं फडकं ठेवा. मांडी घालून बसल्यावर पाठीत वाकत असेल तर भिंतीला टेकवा. पोळी एका हाताने तोडणं फार अवघड काम आहे, आपण ते विसरलेलो असतो. त्याला दोन्ही हातांनी तोडू द्या. आजी नाक मुरडतील, मुरडू द्या.

ज्याबद्दल कोणी मोकळेपणाने बोलत नाही, ते शौचानंतर धुणं. उकिडवं बसून तोल सांभाळायचा, उजव्या हाताने तांब्यातलं पाणी सोडायचं आणि त्याच वेळी डावा हात मागे, जिथे डोळ्यांचा काही उपयोग नाही. समन्वयाची अडचण असलेल्या मुलासाठी याहून कठीण काम घरात क्वचितच असेल. म्हणून त्याचे तुकडे संडासाबाहेर शिकवा. सदऱ्याला मागे कमरेखाली कपड्यांचे चिमटे लावा आणि डाव्या हाताने न बघता काढायला सांगा. बादलीतून तांब्या भरून कुंड्यांना बारीक धार सोडायला लावा. दोन्ही सुटं सुटं जमलं की मगच एकत्र. कमोड किंवा धरायला दांडी असेल तर उत्तमच. यात मी आग्रही आहे, कारण ज्या मुलाला दुसऱ्याने धुवावं लागतं, त्याला कोणी कुठे हात लावावा याची हद्द समजावणं अवघड होऊन बसतं. हा स्वच्छतेइतकाच सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

अक्षराबद्दल थोडक्यात. पालकांना आधी तेच हवं असतं, मला ते सगळ्यात शेवटी. खांदे आणि पाठ स्थिर नसतील तर पेन्सिल धरून काय होणार? आधी भिंतीवरच्या फळ्यावर खडूने मोठ्या रेघा, गोल, वेलांट्या. घरात कणीक मळू दे, मटार सोलू दे, बाजाराची पिशवी उचलू दे. एवढं करूनही तिसरी-चौथीत लिहिताना हात दुखत असेल तर टायपिंग शिकवा. परीक्षेत लेखनिक आणि वाढीव वेळ यांची सोय असते, ती मागायला लाजू नका.

थेरपी केंद्रांतले झोपाळे, मोठे चेंडू, वजनदार जाकिटं तुम्ही पाहिली असतील. अमेरिकेतल्या व्यवसायोपचारतज्ज्ञ जीन एअर्स यांनी संवेदनांच्या एकत्रीकरणाचा विचार मांडला, त्यातून झोपाळ्यांची पद्धत रुजली. झोपाळ्याला माझा विरोध नाही, मुलं त्यावर खुलतात. पण अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१२ मध्येच सांगितलं, की या उपचाराचा पुरावा मर्यादित आहे. ध्येय आणि मुदत ठरवून फरक पडतो का ते तपासावं. तेव्हा उपचारकाला सरळ विचारा, ‘‘तीन महिन्यांनी आमच्या घरात नेमकं काय बदललेलं दिसेल?’’ उत्तरात बटण, घास, जिना असं काही ऐकू आलं नाही तर पुन्हा विचारा. महागडं जाकीट तोवर घेऊ नका.

काही खुणा दिसल्या तर मात्र आमच्याकडे येण्याआधी बालरोगतज्ज्ञांकडे जा. येत असलेली गोष्ट येईनाशी झाली, पडण्याचं प्रमाण वाढत चाललं, मूल एकच हात वापरतं, किंवा जमिनीवरून उठताना मांडीवर हात टेकत टेकत स्वतःला वर ढकलतं, तर आधी स्नायूंचे आणि मज्जासंस्थेचे आजार नाहीत ना, हे पाहावं लागतं. डोळेही तपासून घ्या.

उपचार मिळतात कुठे? कमला निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराचं देशातलं पहिलं शिक्षण सुरू केलं, पण इतक्या वर्षांनंतरही तालुक्याच्या गावी आम्ही सापडत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत. व्यवसायोपचारतज्ज्ञ कोणत्या दिवशी असतात, ते फोन करून विचारा आणि मगच एसटीत बसा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे, म्हणून प्रमाणपत्र काढून ठेवा. त्याच्या आधारे राष्ट्रीय न्यासाच्या निरामय विमा योजनेत नाव घालता येतं. तिची मर्यादा वर्षाला एक लाख रुपये आहे आणि थेरपीचा काही खर्चही त्यात बसतो.

पहिल्या भेटीला येताना मूल घरी जेवताना, सदरा घालताना, जिना उतरताना मोबाइलवर थोडं चित्रण करून आणा. नव्या खोलीत, अनोळखी बाईंसमोर ते यातलं काहीच करून दाखवणार नाही. आणि या सगळ्यातली कोणती एक गोष्ट तुम्हाला आधी हवी आहे, ते घरी बसून ठरवून या. मुलाला सांगता येत असेल तर त्यालाही विचारा. त्याचं उत्तर वेगळं आलं तर आपण त्याच्यापासून सुरुवात करू.