रिकामे काडतूस



वसंत व्याख्यानमालेच्या पत्रिकेत संतांची नावे असतात, इतिहासपुरुषांची असतात, एखाद्या दिवशी आरोग्यावरही बोलणे होते. यंदा तिच्यात 'काडतूस' हा शब्द वाचून काहींना हसू आले असेल. पण समोर बसलेल्या मंडळींत ज्यांच्या हरभऱ्यात या हिवाळ्यात रानडुकरांचा कळप शिरून गेला, ते हसले नसतील.

हा विषय मला एका तरुण शेतकऱ्याने दिला. तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, अमेरिकेत एक माणूस घरच्या टेबलाला मुठीएवढे यंत्र लावून उडवलेली काडतुसे पुन्हा भरताना मी मोबाइलवर पाहिला. सगळा सरंजाम एका डब्यात मावतो. आपण का नाही असे करायचे?" मी त्याला लगेच 'कायद्याने बंदी आहे' असे सांगू शकलो असतो. पण नुसते 'बंदी आहे' या उत्तराने विचारणाऱ्याचे कुतूहल शमत नाही, आणि माझेही शमले नाही. म्हणून आधी त्या रिकाम्या काडतुसाकडे नीट पाहू.

बंदूक घरी भरणे ही मुळात नवलाची गोष्ट नव्हतीच. ठासणीच्या बंदुकीच्या काळी प्रत्येक बार बंदूकवालाच भरीत असे. शिंगड्यातून दारू ओतायची, डाट घालायचा, गजाने ठासायचे, वर छर्रे किंवा गोळी आणि पुन्हा डाट. आपल्या भाषेत 'बार भरणे' आहे, 'फुसका बार' आहे. ते त्या दिवसांचे उरलेले धन. आधी जामगीने बत्ती देत. पुढे चकमक आली. १८०७ साली फोर्साइथ नावाच्या एका स्कॉटिश धर्मोपदेशकाने आघाताने पेटणाऱ्या पदार्थाचे पेटंट घेतले. चकमकीचा झोत पाहून पाखरे आधीच उडून जातात, ही त्याची तक्रार होती! त्याच्या शोधातून टोपी निघाली, आणि टोपीची म्हणून 'केपाची' बंदूक.

'काडतूस' हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, 'पिस्तूल'ही तसाच. प्रथम काडतूस म्हणजे कागदाची पुडी: आत मोजलेली दारू आणि गोळी. शिपाई दातांनी तिचे टोक फाडी, दारू नळीत ओती आणि गोळी ठाशी. १८५७ साली एन्फील्ड रायफलीच्या याच पुडीला लावलेल्या चरबीवरून काय झाले ते शाळकरी मुलेही सांगतील. आपल्या हिंगोलीला त्या काळी हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. दातांनी पुडी फाडण्याची कवाईत म्हणजे काय, हे या मुलखाला ऐकून ठाऊक होते.

मग आले पितळेचे काडतूस, आणि येथे रिकाम्या काडतुसाची कथा सुरू होते. बार उडाला की आतल्या दाबाने पितळ क्षणभर फुगते, नळीच्या भिंतीला घट्ट चिकटते, त्यामुळे धूर आणि ज्वाळा मागे फुटून बंदूकवाल्याच्या तोंडावर येत नाहीत. दाब ओसरला की ते पुन्हा आकसते आणि सहज निघून येते. छर्रे गेले, दारू जळाली, टोपी एकदाची संपली. पण पितळ तसेच शाबूत राहिले. काडतुसात महाग वस्तू तीच. काटकसरी माणसाचा हात ते फेकून द्यायला धजत नाही, यात नवल काय?

आता एक गमतीची गोष्ट. बुडाशी टोपी बसवण्याच्या दोन पद्धती एकाच सुमारास, १८६६च्या आसपास निघाल्या. एक इंग्रज बॉक्सरची, दुसरी अमेरिकन बर्डनची. बॉक्सरच्या पद्धतीत टोपीच्या खाली मधोमध एकच भोक असते, त्यामुळे वापरलेली टोपी आतून ढकलून सहज निघते. बर्डनच्या पद्धतीत भोके दोन आणि बाजूला. टोपी काढणे मोठे कटकटीचे. दैवाचा खेळ असा, की इंग्रजाची टोपी अमेरिकेत स्थिरावली आणि अमेरिकनाची टोपी इंग्रजांच्या लष्करी काडतुसात! अमेरिकेत घरोघर काडतुसे भरण्याचा छंद फोफावला आणि लष्करी ३०३ची रिकामी काडतुसे इकडे मोडीत गेली, याच्या कारणांत हे एवढेसे भोकही आहे.

दुसरे कारण दुकानाच्या अंतराचे. १८७०नंतर अमेरिकेच्या माळरानावर रानरेडे मारणारे शिकारी महिनोन् महिने गावापासून लांब असत. रात्री शेकोटीशी बसून ते दिवसभराची काडतुसे भरीत. त्यांच्यासारख्यांसाठी जॉन बार्लोने १८८४ साली सांडशीच्या आकाराचे हत्यार विकायला काढले. खोगीराच्या पिशवीत टाकावे आणि निघावे. १९५८ साली रिचर्ड ली याने त्याहून स्वस्त, खिशात मावेल असा संच काढला. आमच्या तरुण मित्राने पाहिले ते याच वंशातले. इकडेही गोरे अंमलदार आणि संस्थानिक शिकारीच्या सामानात माप, ठोकणी आणि कागदी काडतुसाचे तोंड दुमडण्याचे छोटे यंत्र बाळगीत. सामानाला नोकर, दारू ठेवायला वेगळी खोली, आणि सरकार घरचेच!

घर आणि दारू यांचे वैर मात्र आपल्या पूर्वजांनी चांगले ओळखले होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दारूखान्याविषयी मुद्दाम सूचना आहेत: तो घरांच्या जवळ असू नये, दारू ओल लागणार नाही अशी ठेवावी, अधूनमधून बाहेर काढून तिला ऊन द्यावे. अठराव्या शतकाच्या आरंभीची ही शिस्त आहे, आणि तीही किल्ल्यावरची. पत्र्याच्या दोन खोल्यांच्या घरातली नव्हे.

त्या जुन्या काळ्या दारूनंतर दारूच बदलली. १८८४ साली फ्रान्समध्ये व्हिएय याने बिनधुराची दारू केली. ती दिसायला निरुपद्रवी भुकटी. पण काळ्या दारूच्या मापाने ती भरली तर जुनी नळी फुटते, आणि नळीबरोबर डावा हात जातो. टोपी मसुराच्या दाण्याहून फार मोठी नसते, पण ती ठोका आणि ठिणगी दोन्हींना तयार असते. पितळही दर वेळी थोडे कडक होत जाते आणि एके दिवशी चिरते. परदेशातले जाणते लोक तराजू, मोजपट्टी आणि छापील कोष्टक समोर ठेवूनच हे करतात. मोबाइलवरच्या पाच मिनिटांत ते दिसत नाही.

कायद्याचे बोलतो. १८७८चा हत्यारांचा कायदा ब्रिटिश मुलखाचा होता. आपला गाव तेव्हा निजामाच्या राज्यात. हत्यार एकाच बाजूच्या हाती असले म्हणजे काय होते, ते १९४७-४८ साली या भागाने रझाकारांच्या रूपाने पाहिले, आणि सप्टेंबर १९४८च्या पोलीस कारवाईनंतरच श्वास घेतला. नि:शस्त्र प्रजेचे दु:ख मी हलके मानत नाही. पण आज लागू असलेला १९५९चा कायदा स्पष्ट आहे. त्यात 'दारूगोळा' या शब्दाच्या व्याख्येत काडतुसाचे भाग आणि ते बनवण्याची यंत्रसामग्रीसुद्धा धरली आहे. म्हणजे ती टेबलावरची मुठीएवढी कळ कायद्याच्या नजरेत स्वत:च दारूगोळा! परवान्यावाचून तो बनवणाऱ्याला २०१९च्या दुरुस्तीनंतर सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. नेमबाजांचेही एक सांगून ठेवतो. कोल्हापूरकडच्या स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसला कांस्यपदक मिळवले ते पॉइंट टू-टू रायफलीवर. त्या काडतुसाची पेटणारी दारू बुडाच्या काठातच भरलेली असते; ते पुन्हा भरताच येत नाही.

इतके ऐकून तो तरुण म्हणाला, "ते सगळे खरे, पण मग डुकरांचे काय?"

खरा प्रश्न तोच, आणि त्याला माझ्याकडे अर्धेच उत्तर आहे. १९५९च्या कायद्याने शेतकऱ्याला विसरलेले नाही. पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळण्याची सोय त्यात नावाने आहे, आणि ठासणीची बंदूक पुरत नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तर काडतुसाच्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचाही. गंमत पाहा: ज्याला सुटी दारू ओतून हाताने बार भरावा लागतो अशी बंदूक कायदा शेतकऱ्याला पहिल्यांदा देऊ करतो, आणि कारखान्यात तपासून भरलेले काडतूस दुसऱ्यांदा! मला हा क्रम उलटा वाटतो. सुटी दारू अंधारात, दवात, घाईत हाताळण्यापेक्षा खडकीच्या कारखान्यासारख्या ठिकाणचे मोहोरबंद काडतूस कितीतरी निर्धोक. परवाना नीट चौकशी करून द्यावा, मोजकी काडतुसे द्यावी, पण द्यावी. शिवाय परवाना मिळाला तरी डुक्कर किंवा रोही मारायला १९७२च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे वनखात्याची लेखी परवानगी लागते, हेही विसरू नये. मारलेल्या जनावरापेक्षा कागद अधिक धावतो, हे खरे आहे.

कागद धावेपर्यंत माणसे दुसरी वाट धरतात, आणि ती वाट मला घरी भरलेल्या काडतुसापेक्षाही भयंकर वाटते. पिठाच्या गोळ्यात स्फोटक दडवून बांधावर ठेवायचे. डुक्कर खाईल तेव्हा खाईल. त्याआधी गाय खाते, कुत्रा खातो, शेण वेचायला गेलेले पोर हात लावते. २०२० साली केरळात पालघाटकडे एका गाभण हत्तिणीच्या तोंडात स्फोटक भरलेले फळ फुटले. ती पाण्यात उभी राहून मेली आणि सारा देश हळहळला. आपल्याकडच्या जबडा फुटलेल्या म्हशीची बातमी आतल्या पानावर चार ओळींत येते. हे करणारा बहुधा दुष्ट नसतो. तीन रात्री जागून चौथ्या रात्री पीक गेलेला माणूस असतो. त्याच्यावर रागावण्याआधी त्याचा परवान्याचा अर्ज कोणत्या टेबलावर पडून आहे ते पाहावे.

मी त्या तरुणाला अर्ज लिहून दिला: सातबारा, पिकाच्या नुकसानीचा पंचनामा, शेत रानाला किती लागून आहे त्याचा नकाशा. तो घेऊन तो हिंगोलीला जिल्हाधिकारी कचेरीत गेला आणि पोच घेऊन आला. जाताना माझ्या खिडकीतले आजोबांच्या वेळचे पितळेचे रिकामे काडतूस त्याने उचलले, ओठाला लावून शिट्टी वाजवली आणि जागेवर ठेवले. त्या रात्री तो जागलीला गेला, बॅटरी आणि पत्र्याचा डबा घेऊन.