सूड घ्यावा कोणावर?

सूडाचे चित्रपट आपण पुष्कळ पाहतों. पण ज्याच्यावर सूड घ्यावा तो माणूसच सांपडत नसेल तर? १९७१ च्या ‘गेट कार्टर’ या इंग्रजी चित्रपटांतील गुंड भावाच्या मृत्यूचा जाब विचारण्यास न्यूकॅसलला परततो आणि शत्रु एकेक करून त्याच्या हातीं लागत जातात. २०१८ सालीं प्रवीण तरडे यांनीं काढलेल्या ‘मुळशी पॅटर्न’ मधील राहुल्याला ती सोय नाहीं. बापानें जमीन विकली, पैसा उडाला, आणि पूर्वीचा पाटील पहारेकरी झाला. मुलानें कोयता उचलावा तो कोणावर? खरेदीखतावर सही बापाचीच! राहुल्याच्या क्रौर्याची मला चीड येते. पण बाप झालेल्या मोहन जोशींचा चेहरा आठवला कीं ती मावळते.

हें पुण्याकडचें म्हणून सोडवत नाहीं. आमच्या बुलढाणा जिल्ह्यांत मेहकर, सिंदखेडराजाच्या शिवारांतून समृद्धी महामार्ग गेला. त्याचा नागपूर–शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजीं खुला झाला. येथें जमीन रस्त्यासाठीं गेली, बंगल्यांसाठीं नव्हे, हें खरें. तरीहि मोबदला आलेल्या घरांतील विशीच्या मुलानें हा चित्रपट कोणाच्या बाजूनें पाहिला असेल, हें मला त्याच्याच तोंडून ऐकावयाचें आहे.